पेजेची बिअर

आमच्या घरी बिअर आई करायची. हे वाक्य मी कुणालाही ऐकवलं की समोरचा माणूस हसतो. आता काहीतरी मजेदार ऐकायला मिळणार असं त्याला वाटतं, आणि बरीच वर्षं मीही ती गोष्ट तशीच सांगत आले. कपाळाला ठसठशीत कुंकू लावणारी, सोमवार करणारी, गॅलरीत तुळस जगवण्यासाठी उन्हाशी भांडणारी बाई, आणि तिच्या स्वयंपाकघरात प्यायच्या पाण्याच्या मोठ्या निळ्या बाटलीत आंबत पडलेली बिअर. लोक खूश होतात. मी तिथेच थांबते आणि विषय बदलते. इथे मात्र पुढचंही लिहायचं ठरवलं आहे, तेव्हा ज्यांना हसायचं आहे त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

आम्ही तेव्हा बाहरीनमध्ये, अरादला राहायचो. घरमालक खाली, आम्ही वर. खालून दिवसभर मसाल्याच्या भाताचा आणि धुपाचा वास यायचा, वरून आमच्या फोडणीचा खाली जायचा, आणि दोन्ही घरांनी एकमेकांना कधी नावं ठेवली नाहीत. बाबा सीफमधल्या एका ऑफिस टॉवरमध्ये चिलर सांभाळायचे. चिलर म्हणजे अख्ख्या इमारतीला गार ठेवणारं यंत्र. ते बंद पडलं की सूटबूटवाली माणसं अर्ध्या तासात शर्टाची बटणं सोडायला लागतात, असं बाबा मोठ्या समाधानाने सांगायचे. चिपळूणच्या पलीकडच्या गावातून आलेला, आयटीआय झालेला माणूस. हातात पाना असला की राजा. घरी आले की मला ‘बाय’ म्हणून हाक मारायचे, आणि मी ईसा टाउनच्या शाळेतून शिकून आलेली शहाणी त्यांना इंग्रजीत उत्तर द्यायची. त्यांनी मराठीत विचारायचं आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचं, असंच आमचं बोलणं चालायचं. त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नव्हतं. आता वाटतं. त्यांची आणि माझी सरळ एका भाषेतली संभाषणं आठवायला गेलं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघतात, आणि तीही बहुतेक फार उशिराची.

बाबा प्यायचे. संध्याकाळी शिफ्ट सुटली की कुणातरी मित्राच्या रूमवर बसायचे, व्हिस्की घ्यायचे आणि मग गाडी चालवत पूल ओलांडून अरादला यायचे. रोज नाही, पण आठवड्यातले बरेच दिवस. घरी येऊन त्यांनी कधी आवाज चढवला नाही, हात उगारायचा तर प्रश्नच नव्हता. उलट ते जास्त हळू बोलायचे, जास्त हसायचे. आईला भीती होती ती गाडीची. इथे दारू दुकानात मिळते, हॉटेलात मिळते, आमच्यासारख्यांनी घेतली तर कुणी विचारत नाही. पण पिऊन गाडी चालवताना सापडलात की नोकरी खलास, व्हिसा कॅन्सल, आणि तिघंही विमानात. एका संध्याकाळी बाबा आले तेव्हा गाडीचा डावीकडचा आरसा जागेवर नव्हता. तो कुठे गेला हे त्यांना ठाऊक नव्हतं. आई खाली गेली, तुटलेल्या जागेवरून एकदा हात फिरवला आणि वर येऊन पोळ्या लाटायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना ती म्हणाली, “अहो, सोडा म्हणत नाही. म्हणून काही उपयोग नाही, ते कळलंय मला. पण प्यायचीच असेल तर घरात प्या. आणि ती कडक नको. काहीतरी हलकं घ्या.”

“मग दे की घरीच बिअर करून,” बाबा म्हणाले आणि हसत आंघोळीला गेले.

आईला थट्टा कळायची, पण सोयीची असली तरच. संध्याकाळी तिने त्यांना जेवायला वाढलं आणि विचारलं, “कशाची करतात?”

बाबांच्या कंपनीत एक म्हातारा इंग्रज इंजिनियर होता, तो आपल्या व्हिलात गुपचूप बिअर करायचा. बाबांनी त्याला विचारून घेतलं आणि जेवताना आईला समजावून सांगायला लागले. जव भिजवायचे, त्यांना मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात मुरवायचे, गाळायचे, उकळायचे, गार करून यीस्ट टाकायचं. आई ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरत गेलं त्याला तुच्छता हाच शब्द आहे. “एवढंच? म्हणजे मोड आणायचे नि आंबवायचं. त्यासाठी इंजिनियर कशाला लागतो?”

मग सुरू झालं. मनामाच्या बाजारातून जव आले. आईने ते मटकीसारखे भिजवले, पंच्यात बांधून ठेवले, आणि मोड बोटाच्या पेराएवढे व्हायच्या आत उलगडून गच्चीवर पसरले. बाहरीनचं ऊन पहिल्यांदाच आमच्या कामी आलं. भरड मिक्सरवर. दारू घट्ट व्हायला नको, हलकी हवी, म्हणून तिने त्यात तांदळाची कणी घालायचं ठरवलं. ही तिचीच कल्पना. इंग्रजाला कळल्यावर तो म्हणाला की मोठमोठे कारखानेही हलक्या बिअरमध्ये तांदूळ घालतात. आईवर त्याचा काही परिणाम झाला नाही. कणीची पेज ती शिजवायची, आपल्याकडे आजारी माणसाला देतात तशीच, आणि ती गरम पेज जवाच्या भरडीवर ओतून टोप जुन्या चादरीत गुंडाळून ठेवायची. पाणी किती गरम हे ती बोट बुडवून ठरवायची. बोट चटकन काढावंसं वाटलं पाहिजे, पण भाजता कामा नये. तासाभराने झाकण उघडलं की ती घट्ट पेज पाण्यासारखी पातळ आणि गोड झालेली असायची. पहिल्यांदा चव घेतली तेव्हा मला खरंच वाटलं की यात आईने साखर टाकली. कडवटपणासाठी इंग्रजाने कसल्याशा वाळक्या फुलांची पुडी दिली होती. ती संपल्यावर आईने गावाहून मागवलेलं काडेचिराईत चिमूटभर उकळीत टाकलं. तापावर कडू काढा म्हणून ते आम्ही लहानपणापासून प्यायलेलो. बाबा पहिला घोट घेऊन म्हणाले, “बिअर आहे की मलेरियाचं औषध?” आणि दुसरा ग्लास भरून घेतला.

घरात सगळ्यात चांगला एसी माझ्या खोलीत होता, म्हणून आंबवायची निळी बाटली माझ्या टेबलाखाली ठेवली जायची. तिच्या तोंडाला बाबांनी कामावरची बारीक नळी बसवली होती आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बरणीत सोडलं होतं. आतला वायू बरणीतून निघताना गुबुक् असा आवाज यायचा. आधी घाईघाईने, मग सावकाश, मग बराच वेळ नाही, आणि आपण विसरलो की एकदम एक. अकरावीचं सगळं फिजिक्स मी त्या आवाजात पाठ केलं. मग आई ती बिअर धुतलेल्या पेप्सीच्या बाटल्यांत भरायची, प्रत्येकीत चमचाभर साखर टाकायची, बाटली दाबून कडक लागली की तयार. खालच्या घरमालकीणबाईंना गॅलरीतून वास जायचा. त्यांनी एकदा जिन्यात विचारलं, तेव्हा आईने नाचणीच्या आंबिलीचा काहीतरी किस्सा खुणांनी समजावून सांगितला. दारू विकत घेणं वेगळं आणि घरात करणं वेगळं, घरात करणं हा गुन्हा आहे, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

ते दिवस छान होते, हे लिहिताना माझा हात जड होतो, पण छान होते. बाबा शिफ्ट सुटली की थेट घरी यायचे. आई सुरमईच्या तुकड्या तळायची, इथे तिला कनद म्हणतात, आणि तांदळाच्या पिठीत घोळवलेल्या त्या तुकड्यांबरोबर बाबा फिकट पिवळी, पाण्यासारखी उतरणारी बिअर घ्यायचे आणि चिलरच्या गोष्टी सांगायचे. व्हिस्की बंद झाली. गाडीला पुन्हा ओरखडा उठला नाही. सावंतकाका, बाबांचे कुडाळकडचे मित्र, इथे ड्रायव्हर होते. ते यायचे, एक ग्लास घ्यायचे आणि म्हणायचे, “वयनी, ह्या काय दारू न्हय. ह्या सरबत.” आई खूश व्हायची. तिच्या डोक्यात हिशोब साधा होता. कडक ती वाईट, हलकी ती बरी, आणि पेजेची म्हणजे तर जवळजवळ अन्नच.

आणि अन्न म्हटल्यावर त्याला वेळ कशाला हवी? सुट्टीच्या दिवशी बाबा दुपारच्या जेवणाबरोबर एक बाटली घ्यायला लागले. मग रोज दुपारी, कारण सरबतच तर आहे, म्हणून थर्मासमधून कामावर. मग सकाळी चहाआधी एक ग्लास, पोट साफ होतं म्हणून. आई नको म्हणाली नाही. नको म्हणायचं कारणच तिला दिसत नव्हतं. बाबा झिंगत नव्हते, अडखळत नव्हते. फक्त जेवण कमी झालं. भाकरीचा तुकडा मोडून ठेवायचे आणि म्हणायचे, पोट भरलंय. सकाळी उठल्यावर हात थरथरायचे, आणि ग्लास संपला की थांबायचे. मी ते पाहत होते. व्हिस्की पिणारे बाबा संध्याकाळी प्यायलेले असायचे आणि दिवसभर नसायचे, आणि हे नवे बाबा कधीच प्यायलेले नसायचे आणि कधीच न प्यायलेलेही नसायचे, एवढं मला कळत होतं. त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. टेबलाखालची बाटली आता कधी रिकामी नसायची, एक उतरवली की दुसरी चढायची, आणि आई जव भिजवण्यात दिवसचे दिवस घालवत होती.

आज माझ्या ऑफिसच्या पार्ट्यांत, सीफच्याच कुठल्यातरी हॉटेलात, तरुण पोरं माझ्यापुढे ग्लास करतात आणि म्हणतात, “मॅडम, लाइट आहे, काही होत नाही.” मी नको म्हणते. त्यांना वाटतं मी सोवळी आहे.

तर, श्रावण. ज्यांच्या घरी हे नाही त्यांना सांगते, आमच्याकडे श्रावणात मांसमच्छी नाही, दारू नाही. पिणारी माणसंही महिनाभर थेंब घेत नाहीत, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान असतो. आदल्या दिवशी गटारी, म्हणजे महिन्याभराचं आधीच वसूल करून घ्यायचं, आणि मग एकदम बंद. बाबांनी उभ्या आयुष्यात श्रावण मोडला नव्हता. कुणी त्यांना बेवडा म्हटलं तर त्यांच्याकडे तेवढं एक उत्तर होतं. “श्रावणात पाहिलंयस मला? महिनाभर शिवत नाही. बेवड्याला जमतं का असं?” आणि खरंच, व्हिस्कीच्या दिवसांत ते दर श्रावणात सहज सोडायचे. थोडे चिडचिडे व्हायचे, इतकंच.

त्या वर्षी गटारीला आईने कोंबडी-वडे केले. सावंतकाका आले होते. शेवटच्या बाटल्या संपल्या. माझ्या टेबलाखाली अर्धवट आंबलेली एक बाटली होती, ती आईने न्हाणीघरात ओतून टाकली. घरात श्रावणात ती आंबत राहणं तिला चालण्यासारखं नव्हतं. निळी बाटली धुऊन गॅलरीत उपडी घातली. मग बाबांकडे बघून, निम्मं थट्टेने, म्हणाली, “या वर्षी जमेल का पण तुम्हांला? सवय फार झालीय.”

बाबा दुखावले. मला तो चेहरा अजून दिसतो. “तुला काय वाटतं, मी काय दारुडा आहे? बघच तू. एक थेंब घेणार नाही.”

सावंतकाका म्हणाले, “इंशाल्ला,” आणि सगळे हसले.

पहिल्या दिवशी बाबांना एसीत घाम फुटत होता. दुसऱ्या दिवशी त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात, ती मी लावली. कामावर फोन करून त्यांनी सिक लीव्ह घेतली. झोप नाही, अन्नाचा घास नाही, छाती धडधडते म्हणायचे. आई म्हणाली, “विष बाहेर पडतंय. पडू दे.” ती हे दुष्टपणे म्हणत नव्हती. ती त्यांच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती, साबुदाण्याची खीर भरवत होती. दुपारी त्यांनी मान वळवून तिला विचारलं, अगदी हळू, लहान मुलाने विचारावं तसं, “अर्धा ग्लास दिलास तर? औषध म्हणून गं.”

“अहो, दोन दिवस नाही झाले. महिन्याचा प्रश्न आहे. बोललात ना तुम्ही?”

“हो, बोललो खरा,” बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मी दारात होते. आईला दुसरं काही सुचायला हवं होतं, असं म्हणायला आज सोपं आहे. आज फोनवर दोन शब्द टाकले की कळतं. तेव्हा आमच्या ओळखीच्या प्रत्येक माणसाने, देवाधर्माच्या आणि औषधपाणी जाणणाऱ्याही, हेच सांगितलं असतं की पिणारा माणूस सोडतोय ही चांगली गोष्ट आहे, धीर धरा. सोडल्याने माणूस मरू शकतो हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तरी आम्ही ते पिणाऱ्याचं निमित्त समजलो असतो.

नंतरचा दिवस सोमवार होता, श्रावणातला पहिला. आई उपाशी, पूजेला बसलेली. मी बाबांच्या खोलीत गेले तर ते उठून भिंतीसमोर उभे होते आणि काम करत होते. हातात काहीही नव्हतं. उजवा हात पाना फिरवावा तसा फिरत होता, डावा भिंतीवरून काहीतरी घट्ट धरून होता. घामाने बनियन अंगाला चिकटलं होतं. “पाना दे,” ते मला म्हणाले. “बारा नंबरचा. यल्ला, लवकर, पाणी येतंय वरनं. सगळं पाणी येतंय.” वर छत कोरडं होतं. मी इंग्रजीत म्हटलं, “बाबा, देअर इज नो वॉटर.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मला नाही, त्यांच्या हाताखालच्या कुणातरी माणसाला पाहिलं. “उभा काय राहतोस? चिलर जाईल. माणसं आहेत वर.” मग मी मराठीत हाका मारल्या, बाबा, अहो बाबा, मी आहे, बाय. ते भिंतीवर नट आवळत राहिले. इतकं जीव तोडून काम करताना मी कुणाला पाहिलं नाही. आणि मग त्यांचा जबडा आवळला, मान मागे गेली, आणि ते सरळ पाठीवर पडले आणि त्यांचं सगळं अंग झटके द्यायला लागलं. आई ओल्या हातांनी धावत आली. तिच्या बोटांना बेलाची पानं चिकटलेली होती.

सावंतकाकांनी गाडी आणली. हॉस्पिटलात इमर्जन्सीला एक तरुण बाहरीनी डॉक्टरीण होती, डोक्याला काळा स्कार्फ, आवाज शांत. तिने इंग्रजीत विचारलं, “हे दारू पितात का?”

आईला तेवढं इंग्रजी येत होतं. “नो, नो,” ती म्हणाली. “नो ड्रिंक. धिस मंथ होली. नॉट टचिंग.”

“नो ड्रिंक, डॉक्टर,” सावंतकाकाही म्हणाले. “व्हेरी गुड मॅन.”

दोघंही घाबरले होते. घरात दारू गाळली हे बाहेर पडलं तर पोलीस येतील, ही भीती होतीच. पण फक्त भीती नव्हती ती. आई बाबांची अब्रू राखत होती. त्यांनी केवढ्या कष्टाने सोडली होती, आणि या परक्या पोरीसमोर ते दारुडे ठरावेत हे तिला सहन होणार नव्हतं. डॉक्टरीण तिच्याकडे बघत राहिली. तिने हाताला ग्लुकोजची बाटली लावायला सांगितली, डोक्याचा फोटो काढायला पाठवलं. मग ती मला बाजूला पडद्याआड घेऊन गेली. तिने मला दारू पितात का असं विचारलंच नाही. “शेवटची कधी घेतली?” तिने विचारलं. मी सांगितलं. कशाची, किती, सकाळपासून, थर्मासमधून, सगळं सांगितलं. ती ऐकून झाल्याबरोबर नर्सला हाका मारत पळाली आणि तिने औषधं बदलली. पोलिसांचं नाव तिने तेव्हा काढलं नाही आणि नंतरही काढलं नाही.

संध्याकाळी झटके थांबले. डॉक्टरीण बाहेर आली आणि आईसमोर खुर्ची ओढून बसली. ती बोलत होती आणि मी मराठीत सांगायचं होतं. मला ते शब्द येत नव्हते. माझं मराठी घरातलं, जेवणाखाणाचं. ती म्हणत होती की शरीराला दिवसभर मिळायची सवय झाली होती, ते एकाएकी तोडलं की मेंदू सैरभैर होतो. त्यात जेवण नाही, जीवनसत्त्व नाही, मेंदूला इजा झाली असावी. किती, ते शुद्धीवर आल्यावर कळेल.

“काय म्हणते ती?” आईने विचारलं.

“एकदम बंद करायला नको होतं,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“थोडी थोडी कमी करायला हवी होती. नाहीतर लगेच इथे आणायला हवं होतं. ती म्हणते, दुसरं औषध मिळणार नसेल तर मग... थोडी द्यायची होती.”

“काय द्यायची होती?”

मी तिच्या बोटाला अजून चिकटलेलं बेलाचं पान काढलं.

“बिअर?” आई म्हणाली. “अर्धा ग्लास?”

“हो.”

आईने डॉक्टरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला वाटलं असावं की माझं मराठी कच्चं आहे, मी काहीतरी उलटं सांगतेय. तिने मला पुन्हा विचारायला लावलं. डॉक्टरणीने पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश, आणि आईच्या हातावर हात ठेवला. आईने तो हात हळूच बाजूला केला. उपास तिने त्या दिवशी सोडला नाही, दुसऱ्या दिवशीही पाणीच घेत होती. मी रागावले तेव्हा म्हणाली, “त्यांनी मागितली होती गं. माझ्याकडे मागितली होती.”

बाबा वाचले. पुढे कितीतरी वेळा माझ्या मनात आलं आहे की वाचले नसते तर बरं झालं असतं, आणि हे लिहिताना मला लाज वाटत नाही. ते शुद्धीवर आले, मला ओळखलं, आईला ओळखलं, गावच्या पऱ्यातल्या पाण्याची, शाळेतल्या मास्तरांची, सगळी जुनी आठवण शाबूत. चिलर उघडून जोडता आला असता. पण त्या गटारीनंतर त्यांच्या डोक्यात काहीही राहत नव्हतं. जेवून हात धुतला की विचारायचे, आज जेवण नाही का. मी समोर बसलेली असताना विचारायचे, बाय शाळेतून आली का. कंपनीने काही महिने वाट पाहिली, मग कागद हातात दिले. सावंतकाकांनी सामान बांधायला मदत केली. माझी बारावी व्हायची होती म्हणून मी त्यांच्या घरी राहिले, आणि आई बाबांना घेऊन रत्नागिरीला गेली. मी पुढे इथेच नोकरीला लागले, आणि इथेच राहिले.

दर सुट्टीत मी जायची. दोन खोल्यांचा ब्लॉक, खाली मासळीबाजार. बाबा खिडकीशी बसलेले. अंगाने ठीक, केस पांढरे, हसरे. त्यांचा एकच प्रश्न होता, दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षं. “अगं, श्रावण संपला का?”

“नाही अजून,” आई म्हणायची.

“बरं,” ते म्हणायचे आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायचे.

एकदा मी आईला म्हटलं, “एकदा तरी सांग ना संपला म्हणून. त्यांना बरं वाटेल.”

“आणि मग मागितली तर काय देऊ?” ती म्हणाली.

घरात मासा दिसला तर श्रावण संपल्याचं त्यांना कळेल, म्हणून तिने मासा आणणं बंद केलं. कोकणातली बाई, खाली बाजार, सकाळी बोटी लागल्या की वास सरळ खिडकीत येणार, आणि ही वर वरणभात, घेवड्याची भाजी, सोमवारी साबुदाणा. कांदा-लसूण नाही. दिवाळीत नाही, शिमग्यात नाही. मीही तिथे असेन तोवर तेच खायची. पाहुणे येईनासे झाले. आईला हवं होतं ते मिळालं होतं, नवरा घरात होता आणि पीत नव्हता. तिच्यासारखी सुकत गेलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

मागच्या थंडीतली गोष्ट. आम्ही तिघं जेवत होतो. बाबांनी भात कालवला, थांबले, आणि आईकडे बघून हसले. तो तोच जुना दुखावलेला आणि फुशारलेला चेहरा होता.

“बघ,” ते म्हणाले. “एक थेंब घेतला नाही मी. जमेल का म्हणत होतीस ना?”

हल्ली हे ते रोज म्हणतात, असं मला नंतर कळलं. माझ्यासाठी ते पहिल्यांदाच होतं. मी आईकडे पाहिलं. ती उठली, त्यांच्या पाठीमागून वाकली आणि त्यांच्या पानात आणखी थोडं वरण वाढलं.

“जमलं हो तुम्हांला,” ती म्हणाली.